स्तामेन्काची मान

स्तामेन्काला माणसांचा वैताग यायचा तो एकाच कारणाने. सगळ्यांना सगळं कळायचं, आणि उठून करायला मात्र कोणी नसायचं. सर्बियाच्या दक्षिणेला, शर्टांच्या एका कारखान्यात ती इस्त्रीवर होती. पोरसवदा वयात लागली तेव्हा इस्त्रीवर होती, केस पिकले तरी इस्त्रीवरच. तिच्या हाताखाली कोणी नव्हतं. तरीही यंत्राची सुई मोडली की स्तामेन्का, कोणाच्या घरी बाप्तिस्मा निघाला आणि भेट ठरवायची असली की स्तामेन्का, दोन बायकांचं बोलणं बंद झालं की पुन्हा स्तामेन्काच. "अगं, मी काय या कारखान्याची सासू आहे?" असं ती खेकसायची, आणि खेकसत खेकसतच सुई आणून द्यायची.

हॉलचा प्रमुख व्लास्तिमिर हा भला गृहस्थ होता. भला म्हणजे, निर्णय घेणं सोडून काहीही करायला तयार. त्याच्या काचेच्या केबिनमध्ये पंखा होता आणि त्या पंख्याचं तोंड भिंतीकडे होतं, कारण वारा अंगावर घेतला की माणूस कामातून जातो, असं त्याच्या आजीने त्याला बजावून ठेवलं होतं.

त्याला तरी काय हसायचं? अख्ख्या हॉलचं तेच मत होतं. खिडक्या रस्त्याच्या बाजूला होत्या, अंगणाच्या बाजूलाही होत्या, पण दोन्हीकडच्या एकदम उघडायच्या नाहीत. उघडल्या की आरपार वारा येतो. त्याला आमच्याकडे प्रोमाया म्हणतात आणि त्याने काय होत नाही ते विचारा. मान आखडते, तोंड वाकडं होतं, दात ठणकतात, पोरीबाळींची कूस उजवत नाही. रणांगणातून जिवंत परत आलेला गडी आमच्याकडे बसमध्ये समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की जागा बदलतो.

मग एकाच बाजूच्या उघडाव्यात, तर कोणत्या? यावर दर उन्हाळ्यात भांडण. रस्त्याकडच्या बायकांची पुढारी देसांका. ती काज करायच्या यंत्रावर बसायची. तिचा खांदा जन्माचा दुखरा आणि आवाज खणखणीत. अंगणाकडच्या बायकाही काही कमी नव्हत्या. भांडणाचा शेवट ठरलेला: दोन्हीकडच्या खिडक्या बंद. वर पत्रा, खाली वाफेच्या इस्त्र्या, आणि मधे घामाने निथळणाऱ्या शहाण्या बायका.

त्यांच्यातच ल्युबिंका कॉलर शिवत होती. तिला रक्तदाबाचा त्रास. त्या उन्हाळ्यात ती एकदा यंत्रावरच कोसळली, मग पुन्हा कोसळली. दुसऱ्या वेळी नेमके मालक हॉलमध्ये होते. "आणखी एकदा पडली तर कायमची घरी पाठवा," ते व्लास्तिमिरला म्हणाले. "माझ्या कारखान्यात मला मढं नकोय." ल्युबिंकाची पेन्शन अगदी तोंडाशी आलेली, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर चालायचं ते तिच्या पगारावर. बायका हळहळल्या. कोणी साखरपाणी दिलं, कोणी ओला रुमाल दिला, कोणी मालकाला मनसोक्त शिव्या दिल्या. खिडकी मात्र कोणी उघडली नाही.

जुलैतल्या एका दुपारी स्तामेन्काने इस्त्रीवरून मान वर केली, तर ल्युबिंका पांढरीफटक. हात चालत होते, पण डोळे भलतीकडेच. स्तामेन्का तडक केबिनमध्ये शिरली.

"साहेब, दोन्हीकडच्या खिडक्या उघडायला सांगा."

"मी कसं सांगणार? उद्या कोणाची मान आखडली तर?"

"आणि ल्युबिंका पडली तर?"

"हं. तेही आहेच," व्लास्तिमिर विचारात पडला. "मालकांना विचारू या. समुद्रावर गेलेत. आले की विचारतो."

स्तामेन्काने कपाळावर हात मारला आणि बाहेर आली. एक सांगायला हवं: ती काही कोणी सुधारक नव्हती. प्रोमायाला तीही घाबरायची. स्वतःच्या घरात तिने कधी दोन दारं एकदम उघडी ठेवली नव्हती. पण तिने रस्त्याकडची खिडकी धाडकन उघडली, मग पुढची, आणि मग तरातरा हॉल ओलांडून अंगणाकडच्याही उघडल्या. वारा आत घुसला. कापडाचे तुकडे उडाले आणि बायकांनी मानेवर हात ठेवून एकच गिल्ला केला.

"ए बाई, जीव घेतेस का आमचा?" देसांका उभी राहिली. "तुला कोणी नेमलं गं?"

"मला कोणी नाही नेमलं. ज्याला नेमलंय तो आत बसून भिंतीला वारा घालतोय!"

दोघी-चौघी फिसकन हसल्या. तेवढ्यात स्तामेन्काने आपलं इस्त्रीचं जड टेबल करकर ओढत आणलं आणि दोन्हीकडच्या खिडक्यांच्या बरोबर मधे लावलं.

"हे बघा, वारा आधी मला लागेल. उद्या सकाळी माझी मान तपासा. आखडली असली तर मी माझ्या हाताने खिडक्या लावते आणि जन्मात पुन्हा नाव काढत नाही. आता बसा गपचूप!"

बायका बसल्या. हळूहळू ल्युबिंकाच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि तिने कॉलरचा पुढचा गठ्ठा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तामेन्का उठली, आणि मान वळेना. ते जड टेबल एकटीने ओढल्यामुळे आखडली असेल, असं एखादा डॉक्टर म्हणाला असता. पण आमच्याकडे डॉक्टरसुद्धा दोन खिडक्या एकदम उघडत नाहीत. सासूबाई तर सुखावल्याच. "मी सांगत होते! पण या घरात माझं ऐकतंय कोण?"

कारखान्यात बायका वाटच बघत होत्या. "काय गं, मान?"

"मानेला काय धाड भरलीय? झक्क झोप लागली." एवढं बोलून तिने खिडक्या उघडल्या, सगळ्या.

तो दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. डावीकडून कोणी हाक मारली की पावलांसकट अख्खी वळायची. आणि त्या दिवशी झाडून सगळ्यांना डावीकडूनच हाक मारायची होती. स्तामेन्का, दोरा कुठाय? स्तामेन्का, ही बाही बघ गं. मनातल्या मनात तिने सगळ्यांचा उद्धार केला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कोणी सांगितलं होतं? जेवणानंतर व्लास्तिमिर बाहेर आला, वाऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "बरं वाटतंय की! मी सांगणारच होतो." त्याच्याकडे एक जळजळीत नजर टाकावी, तर मान वळत नव्हती.

ल्युबिंकाने दिवसभर कॉलरी शिवल्या. एकदाही पाणी मागितलं नाही.

सुटी झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत देसांकाने स्तामेन्काला कोपऱ्यात गाठलं. "दिवसभर कपाटासारखी वळतेयस. मला काय डोळे नाहीत?"

स्तामेन्काने ओळखलं. आता ही ओरडणार, खिडक्या लागणार, आणि ल्युबिंका चालली घरी.

देसांकाने दाराकडे पाहिलं आणि तो खणखणीत आवाज कधी नव्हे तो खाली आणला. "रात्री मानेला राकियाची दारू चोळ आणि लोकरीचं काहीतरी गुंडाळून झोप. उद्या त्या टेबलाशी मी उभी राहीन."

"तू? आणि तुझा खांदा?"

"खांदा माझा आहे ना? मग?"

"अगं, पण तुला इस्त्री येते का?"

"नाही येत. वारा नाही तिकडे उभी राहून शिकव मला. पण खेकसायचं नाही, आधीच सांगते."

"बरं," म्हणत स्तामेन्काने मान डोलावली, आणि कळवळून ओरडणार तोच देसांकाने तिच्या तोंडावर हात दाबला. दाराबाहेर ल्युबिंका बूट बदलत होती.