जाण्याचे तास आणि येण्याचे तास

राजुरीहून ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे कसं जायचं, हे ठरवायला मला चौदा महिने लागले. मी मोजणी खात्यात नोकरीला होतो. शेताच्या हद्दी मोजायच्या, नकाशाशी ताडून पाहायच्या, हे रोजचं काम. त्यामुळे अंदाजाने काही करणं मला जमत नाही.

जायचं पत्नीच्या मनात होतं. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी. डिंभ्याचं धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर डोंगराला सरकली. तेव्हापासून आम्ही तिच्या माहेरी होडीने जायचो. होडीत ती पाण्याकडे पाठ करून बसायची. एकदा मी कारण विचारलं.

"ही नदी न्हाई, साठवलेलं पाणी हाय," ती म्हणाली. "कुणी अडवली न्हाई अशी मोठी नदी एकदा दाखवा मला."

मी स्टेशनवरून रेल्वेचं टाइमटेबल आणलं. नकाशा पाहताना माझं लक्ष नदीच्या पलीकडच्या जंगलावर गेलं. माणूस एवढ्या लांब जाणार तर नुसतं पाणी काय पाहायचं, असं मला वाटलं. मग वहीत दोन रकाने पाडले, एक 'प्रवास' आणि दुसरा 'पाहणे'. आळेफाट्याहून एसटीने माळशेज घाट उतरून कल्याण, तिथून रेल्वेने गुवाहाटी, पुढे रात्रीच्या गाडीने दिब्रुगड, मग बोट आणि शेवटी जीप. हे सगळं प्रवासात गेलं. पाहण्याच्या रकान्यात जंगल, दीड दिवस.

दिवस वाढवायला जागा नव्हती. आमच्या दोन गाई मेव्हणा सांभाळणार होता. "दाजी, बारा दिस म्हंजे बारा दिस," त्याने बजावलं. "तेराव्या दिसाला माझी कॅनॉलची पाळी हाय. पाणी काय तुमच्या गाडीसाठी थांबणार न्हाई."

दिब्रुगडच्या एका लॉजला मी हिंदीत जोडकार्ड टाकलं, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं. परतीचं रिझर्व्हेशन बोटीवर अवलंबून, म्हणून विचारलं, पलीकडून दिब्रुगडला यायला किती वेळ लागतो? तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन तास. मी वहीत लिहिलं, जाणं दोन, येणं दोन.

पत्नी शेंगा फोडत बसली होती. "जाताना बोट धारेच्या उलटी जाणार का सुलटी?"

"त्याने काय होतंय? डिंभ्याची होडी जेवढ्या वेळात जाते तेवढ्याच वेळात येते की नाही?"

"तिथं धार कुठं राह्यलीय?" ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

मी वही मिटली. शेताचा बांध या टोकाकडून मोजा नाहीतर त्या, आकडा एकच येतो. पंधरा वर्षं मी हेच पाहिलं होतं.

डिसेंबरात निघालो. चौथ्या दिवशी दिब्रुगड, तिथे पलीकडच्या जंगलाचं परमिट काढलं आणि पाचव्या दिवशी सकाळी नऊला बोट. बारा वाजता पलीकडच्या घाटावरून जंगलाकडची एकच जीप सुटणार होती. माझ्या हिशोबाने हातात तासभर राहत होता.

बोट सुटली आणि मला पलीकडचा काठ शोधून सापडेना. समोर पाणी, मग वाळूचं बेट, पुन्हा पाणी, पुन्हा बेट. उत्तरेला फार उंचावर पांढरी रेघ होती. मी ढग समजलो. तासभर ती हलली नाही, तेव्हा तो बर्फ आहे हे कळलं. पाणी आवाज न करता सगळ्या रुंदीने आमच्या अंगावर येत होतं. बोटीच्या टोकाला एक माणूस खुणा केलेला बांबू बुडवून खोली पाहत होता आणि ओरडून सांगत होता. काल होती तिथे आज वाट नसते, असं शेजारच्या प्रवाशाने सांगितलं. म्हणजे हा आमच्याच खात्यातला माणूस म्हणायचा, पण याला रोज नव्याने मोजावं लागत होतं. मोजणीची साखळी टाकायला इथे हद्दच नव्हती.

अकरा वाजले तेव्हा मी विचारलं. "अजून निम्मं आहे," प्रवासी म्हणाला. "वर चढतेय ना बोट."

पत्नीने ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ती टोकाकडे तोंड करून बसली होती, पदर डोक्याला घट्ट गुंडाळून.

उतरलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. जीप गेलेली. दुसऱ्या दिवशीच्या जीपने गेलो असतो तर सातव्या दिवशीची बोट चुकली असती, मग गाडी, मग मेव्हण्याची पाळी. मी वाळूवर बसून तीनदा जुळवून पाहिलं. जंगल बसेना.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "एवढ्या लांब येऊन जंगल राहिलं."

"जंगल मी कुठं मागितलं व्हतं?" ती म्हणाली. "बिबट्या तर आपल्या उसात बी येतो. तुमी चहा घ्या आधी."

घाटावर बांबूच्या खोपट्यात चहावाल्याने राहायला जागा दिली. दीड दिवस आम्ही त्या वाळूवर काढला. दुपारी पलीकडच्या बेटाची कड घराएवढी ढासळली आणि पाणी तिला घेऊन तसंच पुढे गेलं. पत्नी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहायची. पायाखालची वाळू सरकते, मग पुन्हा पाय रोवायचा. "घोड नदीत अशीच सरकायची," ती म्हणाली. माहेरच्या नदीबद्दल ती इतक्या वर्षांत प्रथमच काही बोलली. मग बरंच बोलली. मी वही काढली नाही.

सातव्या दिवशी परतीची बोट धारेला लागली. ती पुन्हा टोकाशी जाऊन बसली होती. दिब्रुगडचा घाट आला तेव्हा घड्याळात पाहिलं, दोन तासांना पाच मिनिटं कमी. कार्डावरचा आकडा बरोबर होता.

"लई लवकर आलं," ती म्हणाली आणि बाकी सगळे उतरेपर्यंत जागची उठली नाही.