धाब्यावरची माती

जमिनीवर इतका अविश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, पिंपळनेरकडचे. विहिरींना सुरुंग लावण्यात हयात गेली. तिकडे शेताशेतांतून काळ्या दगडाच्या भिंती सरळ गेलेल्या आहेत, कोणी बांधल्यासारख्या. एकदा खडक तपासणारे साहेब आले. त्यांनी यांना हातोडा धरायला दोन महिने ठेवलं आणि सांगितलं, की जमिनीला चिरा पडल्या, खालची आग त्यांतून वर येऊन थिजली, त्या या भिंती. चीर हलली की आगीला वाट मिळते आणि आग फुगली की चीर हलते. इथली आग केव्हाच विझली, हेही ते बोलले होते. तेवढं वाक्य आमच्या या पाहुण्यांच्या कानात शिरलं नाही.

तेव्हापासून उंबऱ्यावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवून पाणी हलतं का पाहत बसायचं. दर महिन्याला एसट्या बदलत चोपड्याकडे जायचं, सातपुड्याच्या पायथ्याच्या गरम झऱ्यात हात घालायचा आणि आकडे मोजायचे. सातव्या आकड्याला हात निघाला तर ठीक, पाचव्याला निघाला की गावभर सांगत, "आग सरकनी!" बहीण म्हणायची, "आग नही सरकनी, तुमना हात म्हातारा व्हयना." आग आणि चीर म्हणजे नवरा-बायको, एक हलला की दुसरा जागा, असं ते समजावत. ती विचारी, "मंग आपलामा आग कोन शे?" "चूल कोना हातमा शे?" असं म्हणून ते स्वतःच हसत.

लातूरकडे भूकंप झाला आणि ते हसणं थांबलं. आमच्याकडे घरांवर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत, असतं. गळू नये म्हणून पावसाआधी दरवर्षी वर खारी माती टाकायची, जुनी कोणी काढत नाही. माझ्या घरावर सासूच्या सासूने टाकलेली मातीही तशीच होती. पेपरातले फोटो पाहून पाहुणे म्हणाले, माणसं भूकंपाने मेली नाहीत, माती अंगावर पडून मेली. यात ते खोटे नव्हते. फावडं घेऊन ते नातेवाइकांच्या दारोदार फिरले. धरणगावला माझ्याकडेही आले. मी चहा पाजून परत पाठवलं.

मग त्यांनी स्वतःचं सगळं धाबं उतरवलं आणि पत्रे घातले. बहिणीला रक्तदाबाचा त्रास. ती म्हणाली, अर्धी माती ठेवा, उन्हाळा कसा काढू? ऐकलं नाही. वैशाखात भरदुपारी त्या पत्र्याखाली तिला ऊन लागलं. धुळ्याला नेईपर्यंत ती संपली. जमीन तिळभर हलली नव्हती.

दहाव्याला मी त्यांना चार शब्द सुनावायचे ठरवून गेले. ते तिच्याच खाटेवर घामाने निथळत बसले होते. म्हणाले, "अक्का, ती सांगे, अर्धी ठेवा."

"सांगे ना," मी म्हणाले आणि समोर खाली बसले.

त्यांनी विचारलं, "तुमना धाबाले किती माटी शे?" मी हाताने दाखवलं.

आठवड्याने फावडं घेऊन आले. मी नको म्हटलं नाही. सकाळपासून एकटे वर उपसत होते. अर्धी काढून थांबले. "बस, इतलीच," म्हणाले आणि खाली उतरून घरातल्या गारव्याला आडवे झाले. पंखासुद्धा लावावा लागला नाही. मी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिले.