मामांची गार पेटी

मामा कुणाकडेही गेले की आधी त्या घरातला फ्रिज उघडत. लोकांना वाटे, माणूस खादाड आहे. ते मात्र आत हात घालून गारवा चाचपत आणि कपाळाला आठ्या घालून परत येऊन बसत.

मामा नाशिकला गुरांचे डॉक्टर. त्यांची मुलगी मंजू लहानपणापासून इन्सुलिनच्या सुईवर होती. इन्सुलिन करणाऱ्या पेशी स्वादुपिंडातून काढून दुसऱ्याच्या शरीरात रुजवता येतील, असं मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या मित्राने सांगितलं आणि मामांना दुसरं काही सुचेना. माणसाचं स्वादुपिंड दानात मिळेल तेव्हा मिळेल, तोवर बोकडाच्यावर हात बसवायचा, असं दोघांचं ठरलं. नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत ते टिकवायचं काम मामांचं.

"भारी नाठाळ अवयव," मामा म्हणत. "जनावर गेलं की स्वतःलाच पचवायला लागतो." म्हणून खाटीक अन्वरभाई "डॉक्टरसाब, बैठो, चाय लो" म्हणाले तरी मामा उभेच. पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांकडून आणलेली थर्माकोलची पेटी पोटाशी धरून ते कसारा घाटातल्या ट्रॅफिकला आधीच शिव्या घालत. आम्हाला हसू येई. पण मंजूला सकाळी उठायला जरा उशीर झाला, तर त्यांचा चेहरा बघवत नसे.

एकदा मित्राचा फोन आला, "अरे, दगड पाठवलास की." स्वादुपिंड पार गोठलं होतं आणि गोठलं की पेशी फुटतात. मामा घरभर विचारत सुटले. शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, मीच बर्फावर खडेमीठ घातलं. आइस्क्रीमच्या पॉटला घालतो तसं. म्हटलं, जास्त गार राहील, लवकर होईल काहीतरी." मामा एरवी फार तापट, पण त्या दिवशी मामींच्या शेजारी नुसते बसून राहिले.

पुढे मंजूच्या किडन्या गेल्या, आणि एका उन्हाळ्यात मंजूही गेली. मी लाडकी भाची, पण मामांपुढे जायचा मला धीर होत नव्हता.

शेवटी एकदाची त्यांना भेटायला गेले. मी तिथे असतानाच फोन वाजला. मित्राला मंजूचं कळलं नव्हतं. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. मामांनी आधी पाठवलेल्या पेटीतल्या पेशी या वेळी तगल्या होत्या, साखर दिली की इन्सुलिन सोडत होत्या.

"बरं झालं," मामा म्हणाले. "जप त्यांना."

फोन ठेवून ते उठले आणि सवयीने मंजूच्या खोलीकडे वळले. दारापाशी थांबले. मग तिथूनच मामींना म्हणाले, "अगं, पोरीला सांगायचं राहिलं."