न वापरलेल्या कुबड्या

माझ्या मावसबहिणीवर, शलाकाताईवर, अन्याय झाला तो २०१८ च्या गुढीपाडव्याला, रविवारी, जेवणं उरकल्यावरच्या व्हिडिओ कॉलवर. ऑगस्टमध्ये ती जर्मनीत, हाइलब्रोनजवळच्या तळ्यात बुडाली, ती त्या अन्यायाची अखेर. घरचे याला अपघात म्हणतात. मी म्हणणार नाही.

बातमी मला श्टुटगार्टला लॅबमध्ये कळली. तिच्या ऑफिसातली काट्रिन फोनवर आधी जर्मनमध्ये बोलली, मग इंग्रजीत, मग नुसतीच रडली. दोघी पोहत होत्या. ताई एकदम ‘गुडघा’ म्हणून ओरडली आणि खाली गेली... बाहेर काढलं तेव्हा गुडघ्याची वाटी जागेवर नव्हती.

ती वाटी पहिल्यांदा निसटली शाळेत, खो-खो खेळताना. नंतर बसमध्ये चढताना, कूस बदलताना, कधीही. ताई पांढरीफटक पडायची, पाय हळूच सरळ करायची, वाटी टक्कन आत जायची आणि बाईसाहेब म्हणायच्या, “झालं, चला.” घरात याचं कारण ठरलेलं होतं: पोरगी नीट बसत नाही. लहानपणापासून ती दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून बसायची. मांडी तिला जमतच नसे. सत्यनारायणाला मावशी तिचे गुडघे वरून दाबायची, आलेल्या बायका हसायच्या. पुण्यातल्या डॉक्टरांनी पट्टा दिला, व्यायाम दिला आणि वर उपदेश दिला, की मन दुसरीकडे गुंतव.

नेकारसुल्मला नोकरी लागल्यावर ती इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिला पालथं झोपवलं, गुडघे दुमडले आणि पोटऱ्या सैल सोडायला सांगितलं. दोन्ही पोटऱ्या पुस्तक उघडावं तशा बाहेर पडल्या. मग स्कॅन झालं. वाटीचा दोष नव्हताच, मांडीचं हाडच जन्मापासून आत पिळलेलं होतं. गुडघ्याच्या वर ते कापायचं, बाहेर फिरवायचं, धातूची पट्टी आणि स्क्रूने बसवायचं, वाटीला धरणारा बंध नवा करायचा. पुढे काही आठवडे कुबड्या. ताई गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करायची. मला म्हणाली, आमचं दार एवढं वाकडं बसलं असतं तर पहिल्याच दिवशी लाइन थांबवली असती, मला मात्र एकोणतीस वर्षं तशीच चालवली. खूप हसली. मग म्हणाली,

“म्हणजे मी नीट बसत नव्हते असं नव्हतं गं. मला तसं बसताच येत नव्हतं.”

एप्रिलची तारीख मिळाली. कुबड्या तिने आधीच आणल्या, उंचीला लावून घेतल्या, घरातल्या घरात सराव केला. आणि मग तो पाडवा. मी तिच्या शेजारीच बसले होते. मावशी, काका आणि आमचे बाळूमामा स्क्रीनवर. मामांनी स्थळ आणलं होतं, मुलाकडचे मे महिन्यात बघायला येणार होते. मामा म्हणाले, “कुबड्या घेऊन पोहे देणार का तू?”

“ट्रॉलीवरून आणते, मामा.”

कुणी हसलं नाही. मांडीवर एवढी मोठी खूण, आत लोखंड, मुलाकडच्यांना काय सांगायचं? आधी लग्न ठरू दे. व्यायाम वाढव, पोहायला जा, कदाचित ऑपरेशन टळेलही. शेवटी मामा म्हणाले, “चार महिन्यांत हाड काय पळून जातंय?” ताईने सोमवारी तारीख रद्द केली.

मे महिन्यात ती पुण्याला गेली. पोहे झाले, पगार विचारून झाला, आणि मुलाच्या आत्याने अगदी गोड आवाजात सांगितलं, “बाळ, जरा गॅलरीपर्यंत चालून दाखव.” जर्मनीत दारं डिझाइन करणारी बाई उठली आणि चालून दाखवून आली. नकार मामांच्या व्हॉट्सअॅपवर आला: मुलगी छान आहे, पण पाय आत पडतात.

जो पाय सरळ करायची तारीख त्यांच्यासाठी मोडली, त्याच पायावर नापास! परत आल्यावर तिने पुन्हा तारीख मागितली, ती मिळाली सप्टेंबरअखेरची. तोवर मामांचा सल्ला होताच, पोहायला जा. ती गेली.

सांत्वनाला येणाऱ्यांना मामा सांगत होते, तिला पाण्याची ओढच होती. काय ओढ? तिला ओढ होती जिना उतरताना कठडा न धरण्याची. एवढंच तर मागत होती ती.

गेल्या आठवड्यात सप्टेंबरची ती तारीखही उलटून गेली. मावशीचा फोन आला. म्हणाली, तिच्या घरून आणलेल्या त्या कुबड्या टाकून दे, डोळ्यांसमोर नकोत. मग म्हणाली, “मी तिचे गुडघे दाबायचे गं.” पण कुबड्या मी टाकल्या नाहीत. माझ्या दारामागे उभ्या आहेत. खालच्या रबरांना अजून रस्त्याची धूळ नाही, कुबडीच्या पट्ट्यावर तिच्या हाताने लिहिलेलं नाव आहे.

तुमच्याही घरात कुणाचं तरी ऑपरेशन ‘लग्न होऊ दे’ म्हणून थांबलं असेल. भाचीचं, सुनेच्या बहिणीचं, पोटच्या पोरीचं. माझ्या ताईसाठी हळहळू नका. पेपर खाली ठेवा, दवाखान्यात फोन करा आणि तारीख घ्या. कुबड्या मी देते.