जीपला लावलेलं मुशीचं तेल

महाप्याच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. तिथली एक जुनी फौजी जीप भंगारात निघाली. ती मी टेम्पोमागं बांधून ओढत नेरूळला घरी आणली. साल सत्त्याहत्तर असेल. आमच्या गावाभोवतीची मिठागरं भरणी टाकून बुजवत होते, शहर व्हायचं होतं. पण खारा वारा होता तो होताच.

बायकोनं जीपभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "अवो, हिच्यात पुढं बसवून मना माहेरी न्याल ना?"

माहेर खाडीकाठी, दोन तास चालत. मी म्हटलं, "आधी चालू तर होऊ दे."

चालू व्हायला सात वर्षं लागली. पाळी सुटली की मी गाडीखाली. एक बाजू घासून पत्रा लख्ख करावा, दुसरीकडं वळावं, तोवर पहिलीवर गंज. नुसता वैताग.

एका रविवारी कारखान्यातले दोघे गाडी बघायला आले. तेवढ्यात बायको डबा घेऊन बाहेर आली. मुशी माशाच्या काळजाचं तेल. तिचा बाप दरवर्षी होडीला लावायचा. "खाऱ्या वाऱ्याला याच्यावानी दुसरं काय नाय," म्हणत तिनं फडक्यानं बोनेटला लावलंसुद्धा. वास असा की दोघे नाक धरून हसायला लागले.

"काय रे, जीप मच्छी मार्केटात उभी करनार काय?"

मला लाज वाटली. डबा तिच्या हातातनं ओढला आणि गटारात ओतला. म्हणालो, "होडी नाय ही. कोलंबी सोलायची अक्कल गाडीला लावू नको."

ती रिकामा डबा उचलून आत गेली. मी घरी असताना परत जीपजवळ आली नाही. मी रंग मारला, हिरवा, दोन हात.

पुढं एका सोमवारी कामावरून आलो, तिनं चहा दिला, तर हाताला तोच वास. "मासळी साफ केली," म्हणाली. आमच्यात सोमवारी मासळी शिजत नाही. त्या दिवशी पानात वालाचं बिरडं होतं. मी खाल्लं. डोक्यात काही आलं नाही.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आठ दिवसांत गेली. इंजिन तेव्हा अंगणात सुटं पडलेलं. दारात गाडी, आणि तिला दवाखान्यात न्यायला मी दुसऱ्याचा टेम्पो आणला.

वर्षभरानं जीप चालू झाली. तोवर माझ्या रंगाला फोड आले होते, खालनं गंज. खालचा पत्रा बदलायचा म्हणून पुढची सीट काढली. तिथं माझा ब्रश कधी पोचलाच नव्हता. पत्रा जसाच्या तसा, गंजाचा ठिपका नाही. बोटाला चिकट लागलं. हुंगलं. आणि तिथंच मातीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सीट बसवली, तिच्यावर रिकामा डबा ठेवला आणि तिच्या माहेरी गेलो. मेव्हण्याला म्हटलं, "मुशीचं तेल दे."

"जीपलाच ना? ताई दरवर्षी पावसाच्या आधी न्यायची."

"कशी न्यायची?"

"कशी म्हनजे? चालत. डोक्यावर डबा. मी बोललो, भावजींना सांग, गाडी हाय ना. तर हसली. बोलली, ती चालू व्हायचीय अजून."

त्यानं डबा काठोकाठ भरला. मी तो पुढच्या सीटवर ठेवला, दोरीनं बांधला. सांडू नये म्हणून घरापर्यंत गाडी बैलगाडीसारखी हळू आणली.