थांबा म्हणायचा तास

ताई ऐकलेलं परत बोलून दाखवते. मी "दोन चहा" म्हटलं की म्हणते, "दोन चहा, बरोबर?" हात धुताना ओठांतल्या ओठांत वीसपर्यंत मोजते. पेन खिशाला दोऱ्याने बांधते.

तीस वर्षं वॉर्डात काढलेली ही माझी शेजारीण. आता नर्सिंगच्या आणि डॉक्टरकीच्या मुलांना एकत्र काम करायला शिकवते. तिच्या सरावाच्या खोलीवर कॉलेजचा डोळा होता. हा तास स्क्रीनवर भागत असेल, तर खोली बंद. प्राचार्य म्हणाले, दोन्हीकडे करून बघा, शुक्रवारी फॉर्म भरून द्या.

पेशंटचं सोंग माझ्याकडे; मी साहित्य शिकवणारी व्यक्ती. "साहित्यवाल्यांना कण्हायला शिकवावं लागत नाही," ताई म्हणाली.

तिची रीत अशी. शिकाऊ डॉक्टरला गुपचूप सांगायचं, फाईलवर लाल शाईने मना केलेलं इंजेक्शनच माग. मग बघायचं, थांबवतं कोण.

स्क्रीनवर सहा चौकटी होत्या. त्यातली सगळ्यात अबोल नर्सिंगची मुलगी ताडकन म्हणाली, "डॉक्टर, थांबा. यांना हे चालत नाही."

ताईचा चेहरा पडला. खोली गेल्यातच जमा.

दुसऱ्या दिवशी खोलीत. पलंगावर मी, उशाशी शिकाऊ डॉक्टर, पायाशी सगळ्यांच्या मागे ती मुलगी. फाईल वेगळी, सापळा तोच. तिने लाल शाई वाचली, मी पाहिलं. ती गप्प. टोपण लावलेली सुई माझ्या दंडाला टेकली.

"काल बोललीस. आज काय झालं गं?" ताईने विचारलं.

"काल सगळे एवढेच होते, बाई." तिने बोटांची चौकट केली. "इथे डॉक्टर उंच दिसतात."

"आता पाय कापून येऊ का?" शिकाऊ डॉक्टर म्हणाला. सगळे हसले.

ताई नाही हसली. तिने सहा स्टुलं ओढली, सगळ्यांना पलंगाभोवती बसवलं, मुलीला उशाशी. "या वेळी इंजेक्शन चुकीचं असेल, नसेलही."

मुलीने फाईल वाचली. "थांबा." तो थांबेना, तशी तिने त्याचं मनगट धरलं. घट्ट. एवढं धैर्य इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी फॉर्म निघाला. दोन चौकोन: स्क्रीन, खोली. खूण एकावरच करायची.

"कर ना खोलीवर. कोण विचारतंय?" मी म्हटलं.

"आणि त्या मुलीचा आवाज आधी कुठे फुटला? ते गिळून टाकू?"

ताईने हाताने तिसरा चौकोन काढला. शेजारी लिहिलं, 'आधी स्क्रीनवर, मग खोलीत. खोली हवीच, कारण'

तेवढ्यात पुढची तुकडी दारात आली. ताई उठली. फॉर्म अजून टेबलावर आहे, 'कारण'पाशी थांबलेला.