गाईवर घातलेली खोटी खोड

बायको गेल्यावर मी लुगडं पांघरायला लागलो. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आमची गाय तिच्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. मी कासेला हात लावला की दूध वर चढवायची आणि मान वळवून बघायची, हा कोण म्हणून. रोज वैरण मी टाकतो, शेण मी काढतो, तरी हा कोण. मग एका सकाळी बायकोचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलं, मिशा पदरात झाकल्या आणि धारेला बसलो. गाईनं लुगडं हुंगलं आणि पान्हा सोडला. त्या गोठ्यात माझ्यापेक्षा लुगड्याला मान जास्त, हे कळायला मला सत्तरी उलटावी लागली.

बायको चर्चमध्ये पुढं बसायची, मी मागं भिंतीला टेकून. भिंत गार असते आणि डोळा लागला तरी पाळकसाहेबांना दिसत नाही. त्यामुळं धर्म म्हणून जे काही माझ्या वाट्याला आलं ते तिच्याकडून. जनावर बाजारात न्यायचं असलं की ती आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून प्रार्थना करायची आणि त्यात त्याच्या सगळ्या खोडी देवाला सांगून टाकायची. "प्रभू, ही म्हस कुंपण मोडती. हिच्या कासेचा एक सड बारीक हाय. आमेन."

"अगं, देव काय गिऱ्हाईक हाय का?" मी म्हणायचो.

"देवाला सांगून झाल्यावर गिऱ्हाइकापासून लपवायला तुमाला लाज वाटंल, म्हून सांगते."

घोडेगावच्या बाजारात भाव उपरण्याखाली ठरतो, एकमेकांची बोटं दाबून. बघणाऱ्याला आकडा कळत नाही. तिचं म्हणणं, भाव झाका, खोड झाकू नका. तिच्यापायी आमच्या प्रत्येक जनावराला भाव कमी आला, आणि परतीच्या टेम्पोत प्रत्येक वेळी मी कुरकुर केली. चौथी शिकलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

औंदा माझे गुडघे गेले. धारेला बसलो की उठताना खुंटा धरावा लागतो. मुलगा नगरला असतो. त्याचं फोनवर रोज तेच, "आबा, गाय विका अन् इकडं या." शेवटी हो म्हणालो.

निघताना मीही गाईच्या पाठीवर हात ठेवला. "प्रभू, ही गाय..." पुढं लुगड्याचं सांगायचं होतं. जीभ रेटेना. आमेन म्हणून गाय टेम्पोत चढवली. लुगडं मात्र पिशवीत घेतलं. गिऱ्हाइकानं धार काढून दाखवा म्हटलं तर पंचाईत नको. तिथं ते पांघरणार कसं, हा विचार केला नव्हता.

बाजारात जुन्या ओळखीचा दलाल एक जोडपं घेऊन आला. बाई गाईकडं बघत होती, गडी दलालाच्या तोंडाकडं. दलालानं उपरणं टाकून बोटं दाबली. भाव चांगला होता. मी हात काढून घेतला.

"खोड हाय," मी म्हणालो. "लाथ मारती."

दलालानं कपाळाला हात लावला. "वैनी गेल्या, पण तुमची सवय काय जाईना. बोला, आजून?"

"शिंग हाणती. चारा टाकून देती."

मला वाटलं, आज ती असती तर म्हणाली असती, म्हातारा सुधारला. तेवढ्यात बाई खाली बसून कास चाचपायला लागली होती. गाय हलली नाही. उलट बाईची पाठ चाटायला लागली.

"आबा," बाई खालूनच म्हणाली, "गाय तुमचीच हाय ना? का शेजाऱ्याची सोडून आनली?"

माणसं हसली. "मारती वो," मी म्हणालो. "आज इसरली आसंल."

बाई उठली. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. आमच्या घरातल्या प्रार्थनेचं तिला काय ठाऊक? पण हात तिनं गाईच्या पाठीवर ठेवला. "हिच्या दुधावर मला डेअरी चालू करायची हाय, आबा. लाथेचं ऱ्हाऊ द्या. दूध देती का न्हाई, तेवढं खरं सांगा."

तेव्हा माझं मला कळलं. खोटं बोलून जनावर महाग विकणारे मी लई बघितले. खोटं बोलून तेच जनावर घरी परत न्यायला बघणारा मीच पहिला. नाही ती खोड सांगितली आणि आहे ती पिशवीत ठेवली.

मी लुगडं बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. मिशांचंसुद्धा.

"मग दावाच आता पांघरून!" मागून कुणीतरी ओरडलं.

दाखवलं. भर दुपारी, भर बाजारात. दलाल हसून हसून खाली बसला. गाईनं पान्हा सोडला. बाई तेवढी हसली नाही.

"मग लुगडं बी द्या," ती म्हणाली. "त्याबिगर गाय नेऊन काय करू?"

हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकणाऱ्यानं घरी आणायचं, ही आमच्याकडची रीत. लुगड्याची रीत कुणी घालून दिलेली नाही.

"ते... धुतलेलं न्हाई," मी म्हणालो.

"धुतलं आसतं तर काय उपेग हुता?"

मग ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "निम्मं निम्मं करू, आबा. कुठलं निम्मं, ते गाईला ठरवू द्या." तिनं दोन्ही टोकं गाईपुढं धरली. मी मनात म्हणत होतो, पदर नको, पदर नको. गाईनं पदर तोंडात धरला. बाईनं दातानं काठ तोडला आणि लुगडं टर्रकन फाडलं.

दलालानं परत बोटं दाबली, ती पहिल्यापेक्षा कमी.

परतीच्या टेम्पोत मांडीवर दावं आणि शेणाचे डाग पडलेलं निम्मं लुगडं. भाव कमी आला म्हणून मी नेहमीसारखी कुरकुर सुरू केली.

ड्रायव्हरनं वळून बघितलं. "कुनाशी बोलताय, आबा?"

"जिनं गाय स्वस्तात घालवली तिच्याशी," मी म्हणालो.